प्रगतिपुस्तकात न मावणारे वर्ष

मानसिक आणि वर्तनविषयक अडचणींनी ग्रासलेल्या किशोरवयीन मुलांसाठी अमेरिका व इंग्लंडमध्ये ‘थेरप्युटिक स्कूल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारशाळा चालतात. वर्ष संपताना या शाळांत परीक्षेतील गुणांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व मुलांच्या आत्मचिंतनाला दिले जाते. मात्र हे आत्मचिंतन कोणासाठी आणि कोणाच्या धाकाखाली केले जाते, यावर त्याचे औषध होणार की शिक्षा, हे ठरते. सुमारे शंभर वर्षांच्या अनुभवाचा हा आढावा.

शाळेचे वर्ष संपले की मुलांच्या हाती प्रगतिपुस्तक पडते. विषय, गुण, श्रेणी, हजेरीचे दिवस आणि वर्गशिक्षकांचा एका ओळीचा शेरा, एवढ्यात वर्षाचा हिशेब पुरा होतो. परंतु वर्षभर घराच्या खोलीबाहेर न पडलेली मुलगी मार्च महिन्यापासून रोज वर्गात येऊन बसू लागली असेल, तर तिच्या या कमाईची नोंद कोणत्या रकान्यात करायची? रागाच्या भरात खुर्ची फेकणारा मुलगा आता खुर्ची फेकण्याआधी उठून बाहेर जात असेल, तर त्याला गुण किती द्यायचे? उपचारशाळांपुढे दरवर्षी उभा राहणारा प्रश्न हाच आहे.

कोणासाठी या शाळा?

तीव्र नैराश्य, अतिचिंता, स्वतःला इजा करून घेण्याची प्रवृत्ती, अनावर राग, व्यसनाची सुरुवात किंवा बालपणी सोसलेले अत्याचार यांमुळे जी मुले सर्वसाधारण शाळेत टिकू शकत नाहीत, त्यांच्यासाठी या शाळा असतात. वर्ग लहान असतात. शिक्षकांच्या जोडीला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते दिवसभर शाळेतच असतात. गणित, भाषा आणि विज्ञान शिकवले जातेच. त्याबरोबर वैयक्तिक समुपदेशन, गटचर्चा आणि पालकांसमवेतच्या बैठका हादेखील वेळापत्रकाचा भाग असतो. काही शाळा दिवसाच्या असतात, तर काही निवासी.

अमेरिकेत या शाळांचे दोन प्रवाह आहेत आणि त्यांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे. १९७५ मध्ये तेथे अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. १९९० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तीव्र भावनिक अडचणी असलेली मुलेही या कायद्याच्या कक्षेत येतात. अशा प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र शिक्षण आराखडा लेखी स्वरूपात करावा लागतो. स्थानिक शाळा त्याची गरज भागवू शकत नसेल, तर त्याला योग्य शाळेत पाठवण्याचा खर्च शिक्षण मंडळाला उचलावा लागतो. या आराखड्याचा वर्षातून किमान एकदा फेरआढावा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. मूल १६ वर्षांचे झाले, की शाळा सोडल्यानंतरच्या आयुष्याचे नियोजन त्यात समाविष्ट करावे लागते, आणि त्या चर्चेला खुद्द त्या मुलाला निमंत्रण द्यावे लागते. म्हणजे वर्षाचा हिशेब मांडताना मुलाची खुर्ची कायद्यानेच राखून ठेवलेली आहे.

दुसरा प्रवाह खासगी निवासी शाळांचा आहे. येथे बहुतेक वेळा पालक स्वतः पैसे भरून मुलाला दाखल करतात. महिन्याकाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. शाळा घरापासून शेकडो मैलांवर, बहुधा परक्या राज्यात असते. वर्षअखेरच्या आत्मचिंतनाचे सर्वांत मोठे सोहळे याच शाळांत होतात आणि त्याविषयीच्या सर्वांत गंभीर तक्रारीही याच शाळांतून आल्या आहेत.

वर्ष संपताना मुले का बिथरतात?

बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटेल, परंतु उपचारशाळांतील वर्षाचे शेवटचे आठवडे सर्वांत कठीण असतात. वर्षभर शांत होत गेलेली मुले पुन्हा भांडू लागतात, तासांना दांडी मारतात, आवडत्या शिक्षकालाच टाकून बोलतात. सुधारणा वाया गेली, असे वाटू लागते.

यामागचे कारण सुटीच्या आनंदापेक्षा वियोगाच्या भीतीत असते. ज्या मुलांच्या आयुष्यात मोठी माणसे पूर्वसूचना न देता निघून गेली, त्यांना प्रत्येक निरोप जुन्या निरोपांची आठवण करून देतो. आपल्याला सोडून देण्याआधी आपणच नाते तोडावे, ही स्वसंरक्षणाची रीत त्यांनी फार लवकर शिकलेली असते. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डशायरमधील वसतिगृहांत, शहरांतून हलवलेल्या बिकट मुलांबरोबर काम केले होते. १९५६ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले, की मुलाच्या समाजविघातक वाटणाऱ्या वागण्यामागेही आशा दडलेली असते. हरवलेले काहीतरी परत मिळेल असे ज्याला वाटते, तेच मूल त्रास देऊन समोरच्याची परीक्षा पाहते. आशा सुटलेले मूल त्रासही देत नाही.

म्हणूनच चांगल्या उपचारशाळा निरोपाची तयारी कित्येक आठवडे आधी सुरू करतात. कोणते शिक्षक पुढील वर्षी असतील, कोणते नसतील, हे स्पष्ट सांगितले जाते. सुटीत कोणाशी बोलता येईल, याची नावे व वेळा लिहून दिल्या जातात. अमेरिकी कायद्यातही याची दखल आहे. दीर्घ सुटीत शिकलेले विसरून मूल फार मागे जाण्याची शक्यता असेल, तर सुटीतही शाळेच्या सेवा पुरवाव्या लागतात. मे अखेरीस किंवा जूनमध्ये वर्ष संपताना त्याचा निर्णय झालेला असावा लागतो. शेवटच्या आठवड्यातील एखाद्या भांडणावरून वर्षाचा निकाल लावणे किती चुकीचे ठरेल, हे यावरून ध्यानात यावे.

पॉइंट आणि पायऱ्या

प्रगती मोजण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे पॉइंट आणि पायऱ्यांची. वेळेवर उठणे, गृहपाठ करणे, शिवी न देणे यासाठी पॉइंट मिळतात. ठरावीक पॉइंट जमले की मूल वरच्या पायरीवर जाते, आणि प्रत्येक पायरीवर सवलती वाढत जातात. घरी फोन करणे, गावात फिरायला जाणे, सणाला घरी जाणे अशा या सवलती असतात. बक्षिसावर आधारलेली ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतील मनोरुग्णालयांत आकाराला आली. १९६७ मध्ये कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे ‘अचीव्हमेंट प्लेस’ या छोट्या निवासगृहात ती किशोरवयीन मुलांसाठी वापरण्यात आली. तेथे एक दांपत्य मोजक्या मुलांसमवेत घरासारखे राहत असे आणि घरातील नियमांविषयी मुलांची बैठक घेऊन त्यांचे मतही विचारले जाई.

या पद्धतीचे फायदे आहेत. नियम सर्वांना ठाऊक असतात, शिक्षकाच्या लहरीवर काही अवलंबून राहत नाही आणि छोटे यश लगेच दिसते. परंतु तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. पॉइंट वर्तनाला मिळतात, मनःस्थितीला नाही. हुशार मूल काही आठवड्यांत ओळखते, की कोणते वाक्य बोलल्यावर मोठी माणसे खूश होतात. मग वर्षअखेरच्या निबंधात पश्चात्ताप, कृतज्ञता आणि भविष्याचा निर्धार नेमका हव्या त्या प्रमाणात उतरतो. आतून दुखावलेले मूल मात्र खालच्या पायरीवरच राहते, कारण त्याला खोटे बोलता येत नाही.

येथे आणखी एक गंभीर मुद्दा आहे. आईवडिलांशी बोलणे ही सवलत ठरवली, की तक्रार करण्याचा मार्गही सवलत बनतो. ज्याला सर्वाधिक त्रास होत आहे, त्याच्याच हाती फोन सर्वांत शेवटी येतो.

चिंतन की कबुलीजबाब?

अमेरिकेतील खासगी उपचारशाळांची एक मोठी शाखा शिक्षणातून निघालेली नसून व्यसनमुक्तीच्या एका पंथातून निघाली, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. १९५८ मध्ये चार्ल्स डेडरिक याने कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ ही संस्था सुरू केली. तेथे ‘गेम’ नावाचा प्रकार चाले. सर्वांनी गोल करून बसायचे, एकाला लक्ष्य करायचे आणि त्याच्या दोषांचा आरडाओरडा करून पाढा वाचायचा. माणूस कोसळून रडला आणि त्याने दोष कबूल केले, की तो सुधारला, असे मानले जाई. पुढे ही संस्था हिंसक झाली. १९७८ मध्ये तिच्याविरुद्ध खटले लढवणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यात आला. त्या कटाच्या खटल्यात डेडरिकने १९८० मध्ये आरोपांना विरोध न करता शिक्षा स्वीकारली. १९९१ मध्ये संस्था विसर्जित झाली.

मात्र तिची रीत शिल्लक राहिली. १९६७ मध्ये फर्निचरच्या व्यवसायातील मेल वॉसरमन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात ‘सीडू’ ही किशोरवयीनांसाठीची शाळा काढली. सिनॅनॉनच्या धर्तीवरील गटबैठका आणि रात्रभर चालणारी शिबिरे हा तिच्या अभ्यासक्रमाचा कणा होता. सीडू २००५ मध्ये बंद झाली, तरी तेथे काम केलेल्यांनी अन्यत्र अशाच शाळा काढल्या होत्या. मेन राज्यातील ‘एलान’ ही शाळा १९७० पासून २०११ पर्यंत चालली. सर्वांसमोर अपमान आणि मुलांकडूनच मुलांना शिक्षा या पद्धतींमुळे ती कुप्रसिद्ध झाली.

अशा गटांमुळे नेमके काय होते, याचा अभ्यास फार पूर्वी झाला आहे. मॉर्टन लिबरमन, अर्विन यालोम आणि मॅथ्यू माइल्स या संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील सुमारे दोनशे विद्यार्थ्यांना विविध प्रकारच्या भावनिक चर्चागटांत सहभागी करून त्यांचा पाठपुरावा केला. १९७३ मध्ये हे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना या गटांमुळे दीर्घकाळ टिकणारी मानसिक इजा झाली होती, आणि आक्रमक, भारून टाकणाऱ्या नेत्यांच्या गटांत असे प्रकार अधिक होते. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढेच आहे. इजा कोणाला झाली, हे गटाच्या नेत्यांना फारसे ओळखता आले नाही. ते अधिक अचूकपणे सांगितले गटातील इतर सदस्यांनी.

उपचारशाळांच्या वर्षअखेरच्या अहवालांना हा निष्कर्ष तंतोतंत लागू पडतो. अहवाल लिहिणारा असतो गटाचा नेता. ज्यांना खरे ठाऊक असते, त्या मुलांना विचारले जाते सर्वांसमोर, आणि तेही पायरी गमावण्याच्या भीतीखाली.

लेखनाच्या बाबतीतही संशोधन असेच काही सुचवते. टेक्सासमध्ये जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगांविषयी लिहायला सांगितले होते. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईट वाटले. परंतु प्रसंग आणि त्यामागच्या भावना या दोहोंविषयी लिहिणाऱ्यांचे दवाखान्यातील हेलपाटे पुढील काही महिन्यांत कमी झाले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम अल्प असल्याचे दिसले, तरी तो आढळत राहिला. या लेखनाला गुण नव्हते, त्यावर नाव नव्हते आणि ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचे नव्हते. कागदावर उतरवलेले दुःख लिहिणाऱ्याच्या मालकीचे राहिले होते. वर्षअखेरचा निबंध पालकांच्या मेळाव्यात वाचून दाखवला जातो, तेव्हा नेमकी हीच मालकी त्याच्याकडून जाते.

ऐकून घेण्याची परंपरा

दुसरी परंपरा युरोपातील आहे आणि ती याहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑगस्ट आइखहोर्न यांनी व्हिएन्नाजवळील ओबरहोलाब्रून येथे भरकटलेल्या मुलांची वसाहत चालवली. सर्वांत आक्रमक मुलांच्या गटाबाबत त्यांनी कर्मचाऱ्यांना सूचना दिली, की मारास मार देऊ नये. मुलांनी फर्निचर मोडले, इमारतीची दुर्दशा केली. प्रतिकारच होत नाही, हे पाहिल्यावर त्यांचा राग शिगेला पोहोचून ओसरू लागला. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाला सिग्मंड फ्रॉइड यांची प्रस्तावना आहे.

इंग्लंडमध्ये १९७० साली मेल्व्हिन रोझ यांनी सरे परगण्यातील पेपर हॅरो येथील सुधारगृहाचे रूपांतर किशोरवयीनांच्या उपचारसमुदायात केले. मुले आणि कर्मचारी यांची एकत्रित सभा हा तेथील दैनंदिन जीवनाचा गाभा होता. काय मोडले, कोण रडले, कोणावर अन्याय झाला, हे सारे त्या सभेत मांडता येई. चिंतन वर्षातून एकदा साजरा करायचा समारंभ नव्हता, ती रोजची सवय होती.

याच धाग्याला पुढे आधुनिक रूप मिळाले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ सॅन्ड्रा ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात फिलाडेल्फिया परिसरात ‘सँक्च्युअरी मॉडेल’ विकसित केले. अनेक उपचारशाळा आज ते वापरतात. त्यातील समुदायसभेत प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारले जातात. आता तुला कसे वाटते आहे? आज तुझे उद्दिष्ट काय? आणि त्यासाठी तू कोणाची मदत मागशील? मुख्याध्यापकापासून नव्याने आलेल्या मुलापर्यंत सर्वांनी उत्तर द्यायचे असते. गतकाळातील जखम सर्वांसमोर उघडी करण्याची सक्ती येथे नाही, आणि मदत मागणे हा दोष न ठरता कौशल्य ठरते.

तथापि चांगले तत्त्वज्ञान म्हणजे चांगली शाळा, असे समीकरण मांडता येत नाही. होमर लेन यांची डॉर्सेटमधील ‘लिटल कॉमनवेल्थ’ ही वसाहत १९१३ पासून मुलांच्या स्वशासनासाठी गाजली. परंतु तेथील मुलींनी लेन यांच्यावर केलेल्या आरोपांनंतर १९१८ मध्ये ती बंद पडली. शिकागोतील ऑर्थोजेनिक स्कूलचे प्रमुख ब्रुनो बेटेलहाइम १९४४ ते १९७३ एवढा प्रदीर्घ काळ त्या पदावर होते. भावनिकदृष्ट्या पीडित मुलांवर प्रेमाने उपचार करणारा लेखक म्हणून त्यांची जगभर ख्याती होती. १९९० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर तेथील काही माजी विद्यार्थ्यांनी पत्रे लिहून सांगितले, की ते मुलांना मारत आणि अपमानित करत. काही माजी विद्यार्थ्यांनी व सहकाऱ्यांनी त्यांची बाजूही घेतली. परंतु मुलांचा हिशेब लोकांपुढे यायला दशके लागली, ही गोष्ट उरतेच. संस्थेचा हिशेब मात्र दरवर्षी छापून येत होता.

कृतज्ञता पुरेशी नाही

‘आमचीच मुले सांगतात, की या शाळेने आम्हाला वाचवले’ असे अनेक संस्थाचालक म्हणतात. ते खोटे असेलच असे नाही. अनेक मुलांना या शाळांत खरोखर आधार मिळतो आणि काहींचे प्राणही वाचतात. प्रश्न आहे तो या साक्षीला पुरावा मानण्याचा.

या बाबतीत मॅसॅच्युसेट्समधील ‘केंब्रिज-समरव्हिल’ अभ्यास डोळ्यांत अंजन घालणारा आहे. १९३९ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात ५०६ मुलांच्या जोड्या लावून निम्म्यांना काही वर्षे समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत आणि सुटीतील शिबिरे पुरवण्यात आली, तर उरलेल्यांना काहीच देण्यात आले नाही. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड यांनी या सर्वांचा शोध घेतला. मदत मिळालेल्यांपैकी उत्तर देणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी उपक्रमाचा आपल्याला फायदा झाला, असे सांगितले. प्रत्यक्ष नोंदी तपासल्यावर मात्र आढळले, की गुन्हे, व्यसन, आजारपण, मृत्यू यांपैकी एकाही बाबतीत मदत मिळालेला गट सरस नव्हता. काही बाबतींत तो मागेच होता. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी सद्हेतूने केलेली मदतही अपाय करू शकते, हे समाजकार्याच्या क्षेत्राला स्वीकारायला लावले.

हा उपक्रम शाळेचा नव्हता, परंतु धडा शाळांसाठीही आहे. मुलाची कृतज्ञता मनापासून असू शकते. तरीही ती उपचाराच्या यशाची मोजपट्टी ठरत नाही. शाळा सोडल्यावर एका वर्षाने, पाच वर्षांनी ते मूल कोठे आहे, शिकते आहे का, जिवंत आहे का, हे विचारल्याशिवाय वर्षाचा हिशेब पुरा होत नाही.

कायद्याची संथ पावले

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २००७ मध्ये निवासी उपचारकेंद्रांविषयीचा अहवाल सादर केला. १९९० ते २००७ या काळातील अत्याचाराच्या हजारो आरोपांचा त्यात उल्लेख होता. केवळ २००५ या एका वर्षात ३३ राज्यांनी १,६१९ कर्मचाऱ्यांचा अत्याचाराच्या घटनांत सहभाग नोंदवला होता. कार्यालयाने मृत्यूची दहा प्रकरणे बारकाईने तपासली. त्यांतील काहींत आजारी पडलेल्या मुलांच्या तक्रारी कर्मचाऱ्यांनी सोंग समजून उडवून लावल्या होत्या. मूल खोटे बोलते, हे आधीच ठरवलेले असले, की त्याच्या बोलण्याला अर्थ उरत नाही, याचे याहून भीषण उदाहरण नाही.

त्यानंतर २००८ आणि २००९ मध्ये प्रतिनिधिगृहाने किमान सुरक्षेची विधेयके संमत केली. सिनेटमध्ये ती अडली. याच सुमारास, जून २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ओरेगन राज्यातील एका विद्यार्थ्याच्या खटल्यात निर्णय दिला, की मुलाने आधी सरकारी शाळेत विशेष शिक्षण घेतलेले नसले, तरी खासगी शाळेच्या शुल्काची भरपाई पालक मागू शकतात. तो मुलगा ज्या निवासी उपचारशाळेत गेला होता, ती शाळा त्याच वर्षाच्या अखेरीस राज्य सरकारच्या चौकशीनंतर बंद झाली. शाळेचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आत काय चालते, हा प्रश्न तेथे निघालाच नाही.

पुढची चाल मिळाली ती माजी विद्यार्थ्यांमुळे. उद्योजिका व अभिनेत्री पॅरिस हिल्टन यांनी २०२० मध्ये एका माहितीपटातून किशोरवयात युटामधील निवासी शाळेत आपल्याला मिळालेल्या वागणुकीविषयी जाहीर वाच्यता केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळापुढे साक्ष दिली. मार्च २०२१ मध्ये युटाने कायदा केला. मुलांना बळाने जखडणे व गुंगीची औषधे देणे यांवर त्याने निर्बंध आणले, तपासण्या वाढवल्या आणि मुलाला दर आठवड्याला कुटुंबीयांशी खासगीत बोलता यावे, अशी तरतूद केली. फोन ही सवलत उरली नाही, हक्क झाला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पातळीवरही संस्थांतील बालअत्याचार रोखण्याविषयीचा कायदा संमत झाला. मात्र तो संस्थांवर थेट मानके लादत नाही. राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी या क्षेत्राचा अभ्यास करून ठरावीक अंतराने शिफारशी कराव्यात, एवढीच त्याची व्याप्ती आहे.

भारतात अमेरिकी धर्तीच्या उपचारशाळांची वेगळी वर्गवारी नाही. परंतु मुलाचा आवाज बाहेर पोहोचावा, यासाठीच्या तरतुदी आपल्या कायद्यांतही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अल्पवयीन रुग्णाला दाखल केल्यास ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते, त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालकाने किंवा नियुक्त प्रतिनिधीने त्याच्यासोबत राहायचे असते. बालगृहांना लागू असलेल्या २०१६ च्या बाल न्याय नियमांत मुलांच्या समित्या आणि सूचनापेटी यांची तरतूद आहे. ही पेटी कार्यालयापासून दूर, मुलांना सहज पोहोचता येईल अशा जागी असावी आणि तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी, असे नियम सांगतो. पेटी कोठे ठेवायची आणि किल्ली कोणाकडे, हा तपशील किरकोळ वाटेल. परंतु आतापर्यंतचा सारा इतिहास या दोनच गोष्टींभोवती फिरतो.

पालकांनी काय विचारावे?

मुलाला अशा शाळेत ठेवण्याची वेळ आलेले पालक आधीच थकलेले आणि अपराधी भावनेने ग्रासलेले असतात. वर्षअखेरच्या कार्यक्रमात आपले मूल व्यासपीठावर उभे राहून ‘मी बदललो’ असे म्हणते, तेव्हा त्यांचे डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. तरीही काही प्रश्न त्यांनी शाळेला विचारलेच पाहिजेत. माझ्या मुलाशी मला कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलता येईल का? त्याने शाळेविषयी तक्रार केली, तर त्याची पायरी खाली येते का? त्याचे लेखन कोण वाचते? येथील उपचारकांकडे राज्याचा परवाना आहे का? गेल्या वर्षी किती मुले मध्येच शाळा सोडून गेली, आणि बाहेर पडलेल्यांची विचारपूस किती काळ केली जाते? या प्रश्नांनी चांगली शाळा दुखावत नाही. तिच्याकडे उत्तरे तयार असतात.

मुलाला मात्र वर्षअखेरीस फार प्रश्न विचारू नयेत, असे अनुभवी समुपदेशक सांगतात. या वर्षात कोणत्या दिवशी तुला सुरक्षित वाटले, आणि कोणत्या दिवशी वाटले नाही, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले. त्यातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेला अप्रिय असले, तरी ते देण्याची मुभा मुलाला हवी. ते उत्तर ऐकून पुढील वर्षी स्वतःत बदल करणाऱ्या शाळेलाच उपचारशाळा हे नाव शोभते.